बेखमीर

आमचा प्रभू येशू भाकरी खाणारा माणूस होता, याबद्दल लहानपणी मला तिळमात्र शंका नव्हती. शंका यावी असं कुणी काही सांगितलंच नव्हतं. रविवारी चर्चमध्ये जे जे वाचून दाखवत त्यात कुठे ना कुठे भाकर निघायचीच. डोंगरापाशी माणसांची झुंबड उडाली तर त्यानं त्यांना भाकरी वाढल्या. रानात सैतानानं गाठलं तर धोंड्यांच्या भाकरी करून दाखव म्हणून डिवचलं. आणि धरून नेलं त्या सांजेला बारा जणांना घेऊन बसला तेव्हाही त्यानं भाकरच मोडली. कालवणाला मासे असत, तेवढं मात्र परकं वाटे, कारण आमच्या गावाला प्यायच्या पाण्याचीच मारामार, मासा कुठून दिसणार. बाकी सगळं अगदी आमच्यासारखं. दगड, काटे, शेळ्या, विहिरीवर ताटकळणाऱ्या बाया. प्रभूचा मुलूख कर्जत तालुक्याच्या हद्दीला लागूनच कुठेतरी असावा, असं माझं मत होतं.

वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सुमाराला, ‘बेखमीर भाकरीचा सण’ असे शब्द यायचे. मी एकदा दादांना, म्हणजे वडलांना, विचारलं, “दादा, बेखमीर कुठं हाय?” दादा चर्चची घंटा वाजवत, म्हणजे धर्माच्या बाबतीत आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “काश्मीरच्या म्होरं असंल.” मी शाळेतल्या नकाशात काश्मीरच्या वर बोट फिरवून पाहिलं. सापडलं नाही. छापणाऱ्यानं गाळलं असेल, असं धरून चालले. आमचंही गाव त्या नकाशात नव्हतंच.

दादांचं जन्माचं नाव दगडू. बाप्तिस्मा घेताना त्यांना ते जुनं नाव टाकायला लावलं आणि नवं दिलं, पेत्रस. पुढे कधीतरी मला कळलं की पेत्रस म्हणजेही दगडच. एवढं पाण्यात बुचकळून काढलं, तरी माणूस होता तिथेच. गाव त्यांना दगड्याच म्हणत राहिलं. गावाला भाषांतराची गरज कधी भासली नाही.

आमचं घर म्हणजे चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवलेली एक खोली आणि तिच्यापुढे पत्र्याची पडवी. पडवीत चूल. सकाळी मला जाग यायची ती आईच्या थापण्यानं. दोन्ही हातांचा एक ठेका असायचा, काठवटीत भाकर गरगर फिरायची आणि मोठी होत जायची. त्या आवाजावर मी सांगू शकायचे की आज बाजरी आहे का ज्वारी; बाजरीला आई हळू हात लावायची, कारण ती लगेच चिरते. भाकर तव्यावर पडली की सगळ्याच बाया तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात, पण माझी आई आधी ओल्या बोटानं एक उभी रेघ ओढायची, एक आडवी, आणि मग बाकीचं पाणी. भाजून झाल्यावर नीट पाहिलं तर तो क्रूस पुसटसा दिसायचा. शेजारच्या सखूकाकू, त्या हिंदू, आपल्या पडवीतून हसायच्या. “सोजरे, तुझा देव रोज चटके खातो गं.” आई म्हणायची, “त्याला सवय हाय.” पहिली भाकर माझी असायची. मीठ, लाल मिरचीचा ठेचा, आणि ताटलीत क्रूस. इतका गरम क्रूस मी नंतर कुठल्याही चर्चमध्ये पाहिला नाही.

आमच्या गावाला स्वतःचा पाळक नव्हता. पाच-सहा गावांत मिळून एक पाळकसाहेब होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ते कर्जतहून फटफटीवर यायचे. मुक्काम योनामामांकडे, योनामामा चर्चचे पंच, साखर कारखान्यावर वॉचमन, टेरिलीनची पँट घालणारे आणि घरात दोन खुर्च्या बाळगणारे. पाळकसाहेबांनी आमच्याकडे मुक्काम करावा असं दादांना फार वाटे, पण पाळकाला बसायला निदान एक खुर्ची लागते, हे कुठल्याशा वचनात असणार. आमच्याकडे यायचा तो फक्त पाव. रविवारी प्रभुभोजन असायचं, प्रभूचं शरीर म्हणून पावाचा तुकडा आणि रक्त म्हणून रसाचा घोट. त्याला पाव लागायचा, आणि पाव गावात मिळत नसल्यानं पाळकसाहेब तो पिशवीतून आणायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पांढऱ्या रुमालात बांधलेला. चर्चमध्ये उंदीर, म्हणून रात्रभर तो आमच्या पत्र्याच्या पेटीत राहायचा. सकाळी आई त्याच्या कडा कापून नखाएवढे चौकोन करायची आणि मनुका उकळून तांबडा रस गाळायची. मनुकांचा चोथा मला मिळे. पावाच्या कडा मात्र दादा आदरानं चर्चमागच्या चिंचेखाली पुरत. माझ्या डोळ्यांदेखत.

मोठी माणसं त्या चौकोनापुढे डोळे मिटायची. आम्हा मुलांना तो मिळत नसे. आमचं अजून दृढीकरण झालेलं नव्हतं, म्हणजे पाव खाण्याइतका विश्वास आमच्यात मुरला नव्हता. पाळकसाहेब ताटली उचलून, “ही भाकर...” अशी सुरुवात करायचे आणि सगळ्यांच्या नजरेसमोर पाव धरायचे. हे विजोड आहे असं त्या चर्चमध्ये कधी कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. रोज भाकर खाणाऱ्या माणसांना आपला देव निदान रविवारी तरी बरं काही खातो, याचं समाधान असावं.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर नगरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात, आणि तिथे घ्यायचे ते पाळकाची चिठ्ठी असेल तरच. त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब चिठ्ठी देणार होते. आईनं आठवडाभर मला दटावून ठेवलं होतं. “मार्ते, त्यांच्यापुढं नीट ऱ्हा. केस बांध. इचारलं तेवढंच बोल.” आईला स्वतःला अक्षरओळख नव्हती. मी वाचायला लागले की थापता थापता तिचा हात मंद व्हायचा.

शनिवारी दुपारी पाव आला. आई पाण्याला गेली, दादा चर्च झाडत होते. मी फक्त वास घ्यायला पेटी उघडली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही तेच सांगते आहे. वास घेतला. मग वर्तमानपत्र जरासं सोडवलं. पाव वरून तपकिरी, चकचकीत, आणि दाबला की हळूच वर येणारा. जगात असं काही खाणं असतं की जे दाबल्यावर परत वर येतं! मी तो उलटा केला आणि खालून बोटाएवढा तुकडा काढला. आत ओल्या कापसासारखं पांढरं. तोंडात घालावं तर चावायला काही राहतच नव्हतं. म्हणून दुसरा काढला, नीट कळावं म्हणून. मग तिसरा. माझं भान परतलं तेव्हा हातात पावाचं नुसतं टरफल होतं, वरून जसंच्या तसं. मी ते सुलटं करून गुंडाळलं, रुमालाची गाठ होती तशी बांधली, पेटी लावली. तोवर तो प्रभू झालेला नव्हता, कर्जतच्या बेकरीतला पावच होता, असं मी पुढे कितीदा तरी स्वतःच्या बाजूनं म्हटलं आहे. या असल्या बारकाव्यांत मला कुठल्याही पाळकानं हरवून दाखवावं.

रविवारी सकाळी आईनं पाव फळीवर ठेवला, सुरी लावली, आणि सुरी खटकन फळीवर आपटली. आईनं आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी वेणीच्या रिबिनीला गाठ मारत होते. ती गाठ मी फार वेळ मारली. बाहेर दादांनी दुसरी घंटा द्यायला सुरुवात केली. तिसरी घंटा झाली की पाळकसाहेब आत येणार. आईनं काठवट ओढली, बाजरीचं पीठ घेतलं आणि थापायला बसली. इतक्या जोरात ती कधी थापत नसे, तरी भाकर चिरली नाही. तव्यावर टाकली, उभी रेघ, आडवी रेघ, पाणी. उतरल्यावर विळीवर तिचे चौकोन केले, ताटलीत रचले, वर पांढरं कापड घातलं. दादा घाईघाईनं आले आणि ताटली दोन्ही हातांनी, नेहमीप्रमाणे मान खाली घालून, घेऊन गेले. ताटली आज गरम कशी, हे त्यांच्या हाताला कळलं असेल. पण दादा देवाच्या कामात प्रश्न विचारत नसत.

पाळकसाहेबांनी कापड उचललं, तेव्हा त्यांचे ओठ आधीच सुरू झाले होते. “ही भाकर...” एवढं बोलून ते थांबले. ताटलीत भाकर होती. इतकी वर्षं हेच शब्द ते पावापुढे बिनदिक्कत म्हणत आले होते. आज शब्दाला जागून ताटलीत खरंच भाकर निघाली, तर त्यांची वाचाच बसली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भाकर होती तशीच होती, काळपट, काठाला जरा करपलेली. शेवटी त्यांनी उरलेलं वाक्य कसंबसं पुरं केलं आणि वाटायला सुरुवात केली.

पाव जिभेवर विरतो. बाजरी विरत नाही, चावावी लागते. सगळं चर्च गंभीर चेहऱ्यानं रवंथ करू लागलं. योनामामांनी आपला चौकोन घेतला, पाहिला, आणि खिशात घातला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुढच्या चटईवर आंधळे राघूबाबा बसत. त्यांना रंग दिसायचा प्रश्न नव्हता. त्यांनी चौकोन रसात बुडवला, बोळक्या तोंडात घोळवला आणि त्या शांततेत मोठ्यांदा म्हणाले, “आज प्रभू घरचा लागला.”

उपासना संपल्यावर चर्चमध्येच पंच बसले. आई, दादा आणि मी भिंतीला लागून उभे. योनामामांनी खिशातला चौकोन काढून टेबलावर ठेवला, चोरीचा माल ठेवावा तसा.

“साहेब, हे बगा. प्रभूला बाजरी चारली आपन! उद्या हुलगं शिजवून घालतील.”

पाळकसाहेब तसे रागीट नव्हते. त्यांनी आईला विचारलं, “सोजरबाई, हे काय केलंत?”

“साहेब, तुमीच दर टायमाला म्हन्ता, ही भाकर. म्हनून म्या भाकर केली.”

पाळकसाहेबांनी टेबलावरचा चौकोन बोटानं बाजूला सारला. मग म्हणाले, “शब्द तसा आहे, बाई. अर्थ तसा नाही.”

हे वाक्य मी आयुष्यभर बरोबर वागवलं आहे. ज्यांच्याकडे खुर्च्या असतात त्यांच्याकडे अर्थ असतो. आमच्याकडे शब्द.

“पण पाव कुठे गेला?” ते माझ्याकडे वळले. माझी चिठ्ठी त्यांच्या वहीतून अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती. “मार्था, तू खाल्लास?”

“न्हाई साहेब.”

योनामामा पुढे वाकले. “पोरी, खरं बोल. पेटी तुमच्याच घरात हुती.”

“न्हाई मामा. मला ठावं न्हाई.”

मग दादा. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती. “मार्ते, तू न्हाईस नव्हं?”

“न्हाई दादा.”

तीन वेळा. ज्याच्या नावावरून दादांचं नाव ठेवलं, त्या पेत्रानंही कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनच वेळा नाकारलं होतं. घरात नाव दादांना मिळालं होतं, गुण माझ्यात उतरला. कोंबडा तेवढा आरवला नाही. आमचा कोंबडा नाताळात योनामामांकडे, पाळकसाहेबांच्या ताटात गेला होता.

तेव्हा आई एक पाऊल पुढे आली. “पोरीला कशापायी इचारता? पाव म्या खाल्ला.”

“सबंध?” पाळकसाहेबांचा विश्वास बसेना.

“व्हय. सबंध. लई भूक लागल्ती.”

आईनं जन्मात कधी कुणाच्या आधी घास घेतलेला दादांनी पाहिला नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग खाली चटईकडे पाहत राहिले. कुणाचं पाप कुणीतरी आपल्यावर घेतं, यावर आमच्या चर्चमध्ये दर रविवारी तासभर बोललं जाई. त्या दिवशी ते समोर घडत होतं, पण पंच कामात असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आईला सहा महिने प्रभुभोजनाची बंदी झाली. आणि पाळकसाहेबांनी वहीतून माझी चिठ्ठी काढली, तिच्यात शेवटी एक ओळ आणखी लिहिली, आणि माझ्या हातात दिली. पडवीत येऊन मी ती वाचली. ‘मुलगी सत्यवचनी आहे.’

आईनं विचारलं, “काय लिव्हलंय गं?”

“चांगलं लिव्हलंय.”

“मंग झालं तर,” असं म्हणून ती चुलीकडे वळली.

बोर्डिंगात रोज सकाळी चहाबरोबर पाव असे. सांगायला हसू येतं, पण माझ्या घशाखाली तो उतरायचा नाही. गावाकडे पहिल्या रविवारी आई चर्चच्या बाहेर पायरीवर बसत असेल, आतून गाणं ऐकू येत असेल, हे डोळ्यांसमोर यायचं. कधी ताप यायचा, कधी नुसतीच छाती धडधडायची. ती तेव्हाची धडधड अजून माझ्याबरोबर आहे, गॅस बंद केला का हे तीनदा बघायला लावते. नववीच्या मध्यावर मी ट्रंक घेऊन परत आले. जी शाळा आईनं अशी मिळवून दिली ती मी दीड वर्षात टाकली. “बस,” आई म्हणाली, “आता थापायला तरी शीक.” त्या पावाविषयी मी तिला काही बोलले नाही. उद्या बोलू, असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली आणि मग तीही गेली.

पुढे मी पुण्यात आजारी माणसांची सेवा केली, आणि त्याच कामानं, कुणाच्या ध्यानीमनी नसता, मला प्रभूच्याच मुलखात आणून टाकलं. कर्जत तालुक्याच्या हद्दीला लागून नाही, विमान लागतं. दगड, काटे, शेळ्या, ते मात्र मी म्हटलं तसंच निघालं. इथे हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघरात पळावं लागतं आणि व्हिसाच्या कागदाची काळजी वेगळी. पण मी तक्रार करणार नाही. इथल्या म्हाताऱ्यांनी मला अन्न दिलं. आधीच्या घरी सणवार पाळत नसत. दोन वर्षांपूर्वी शेगुलाबाईंकडे आले. त्या नव्वदीच्या, ज्यू, मूळ अलिबागकडच्या. तरुणपणी इकडे आल्या, पण मराठी सोडली नाही. देवानं मला एवढ्या लांब आणलं आणि मराठीत ओरडून घ्यायची सोय ठेवली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

त्यांच्याकडच्या माझ्या पहिल्या वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी त्या खुर्चीत बसून काठीनं दाखवत होत्या आणि मी घर झाडत होते. पाव बाहेर, बिस्किटं बाहेर, पिठाचा डबा बाहेर. फटीतला कणसुद्धा राहता कामा नये.

“एवढं काय हो शेगुलाबाई? पावानं काय घोडं मारलंय?”

“त्यात खमीर हाय गो. सणाला खमीर घरात चालत नाय. ज्यानं पीठ फुगतं ता खमीर. ज्यात नाय ता बेखमीर.”

झाडू माझ्या हातात तसाच राहिला. काश्मीरच्या पुढे नव्हतं तर ते. पन्नास वर्षं मी नकाशात शोधत होते आणि ते परातीत होतं.

“मंग,” मी विचारलं, आणि माझी जीभ आपोआप गावाकडे गेली, “धरून नेलं त्या सांजंला, ह्याच सनाला, येशूनं काय खाल्लं असंल?”

“तुमच्या येशूनं? अगो, तो आमचाच पोरगा. सणाला पाव खातोय व्हय? आईशीनं घराबाहेर काढला असता.” शेगुलाबाईंनी काठी आपटली. “चपटी भाकर खाल्ली असंल, आम्ही खातो तशी. घाईघाईत भाजलेली.”

घाईघाईत भाजलेली. मला पडवी दिसली, जोरजोरात थापणारी आई दिसली, तिसऱ्या घंटेच्या आधी तव्यावर ओढलेल्या दोन रेघा दिसल्या. पाळकसाहेब शिकलेले होते; हा अर्थ त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. विचारायचं कुणी, हाच प्रश्न होता. सहा महिने पायरीवर बसवलेली ती एकटी बाई सोडली, तर त्या चर्चमध्ये प्रभूच्या पुढ्यात बरोबर जिन्नस कुणी ठेवलाच नव्हता. आणि हे तिला कळवायला आता ती कुठे होती? मी हसायला लागले, आणि हसता हसता खालीच बसले.

“काय झालं गो?”

“शेगुलाबाई, पाव म्या खाल्ला हुता.”

“कुठचा? आता भाईर काढलास तो?”

“न्हाई. लहानपनी. प्रभूचा. सबंध.”

त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, आणि दुसऱ्यानं किती येतं ते सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“भूक लागली असंल गो तुला,” त्या म्हणाल्या, आणि काठी कपाटाकडे केली. “ऊठ. त्याखाली झाडायचं राहिलंय.”

मी उठले आणि झाडलं.